पक्ष्यांच्या शास्त्रीय नावांचा अर्थ

शास्त्रीय नाव पाठ करवून घेण्यापूर्वी शिक्षकबंधुभगिनींनी त्याचा अर्थ सांगावा. एरवी ती निव्वळ घोकंपट्टी होय. चिमणी म्हणजे ‘पॅसर डोमेस्टिकस’, घराशी वावरणारी. हुदहुद्याच्या ‘उपुपा एपॉप्स’ या नावात तर त्याची हाकच दोनदा आली आहे, एकदा लॅटिनमध्ये, एकदा ग्रीकमध्ये. मुलांकडून ते मोठ्याने म्हणवावे.

मात्र नावावर आंधळा विश्वास ठेवू नये. न्यू गिनीकडील एका स्वर्गपक्ष्याची कातडी पाय काढून युरोपात जात. त्यावरून तो पक्षी बिनपायाचाच, असा समज पसरला. लिनियसने १७५८ मध्ये त्यास ‘अपोडा’, अर्थात पादहीन, हे नाव दिले. पक्ष्यास चांगले दोन पाय आहेत. तथापि प्रथम दिलेले नाव राखण्याचा नियम असल्याने ‘अपोडा’ आजही कायम आहे.