अर्धवट नोंद टाळण्याची रीत : संगणकातील फाईलींचे सुरक्षित व्यवहार

हस्तलिखित अभिलेखांच्या काळात तलाठी प्रथम गाव नमुना ६ मध्ये फेरफार लिहीत असे, सातबाऱ्यावर पेन्सिलीने टिपण करीत असे, आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच ती शाईने कायम होई. काम मध्येच थांबले तरी नोंदवही पाहून दुसरा कर्मचारी ते पुरे करू शके. संगणकातील फाईली सुरक्षितपणे बदलणाऱ्या आज्ञावली-संग्रहांची, म्हणजे लायब्ररींची, रीत हीच होय.

उदाहरण बीदर तालुक्यातील कमठाणा गावाचे घेऊ. १९५६ पर्यंत आपले उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. कर्नाटकात उताऱ्यास पहाणी म्हणतात. ‘भूमि’ योजनेत तेथील सुमारे दोन कोटी पहाण्या संगणकावर घेण्यात आल्या आणि हस्तलिखित पहाणीची वैधता संपली. अशा व्यवस्थेत नोंद बिघडल्यास मागे कागदाचा आधार राहत नाही. डेटाबेस ही काळजी स्वतः घेतो; तथापि स्कॅन केलेले दस्त, नकाशे व तक्ते पुष्कळ कार्यालयांत साध्या फाईलींतच असतात.

समजा, कमठाण्यातील ४ एकर २० गुंठ्यांच्या खात्यातून २ एकर १० गुंठे विकले गेले, आणि दोन्ही खाती दोन निरनिराळ्या फाईलींत आहेत. पहिली फाईल बदलली आणि वीज गेली. विकणाऱ्याची जमीन कमी झाली, घेणाऱ्याच्या नावे चढली नाही. सव्वादोन एकर कोणाच्याच नावे नाही! पीककर्जासाठी उतारा काढीपर्यंत घेणाऱ्यास हे कळणारही नाही.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ‘फाईल लिहिली’ असे संगणक सांगतो तेव्हा मजकूर बहुधा स्मृतीतच असतो. डिस्कवर तो काही सेकंदांनी उतरतो. तो तत्काळ उतरविण्यासाठी ‘एफसिंक’ ही स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. एकच फाईल बदलावयाची असल्यास नवा मजकूर त्याच डिस्कवरील तात्पुरत्या फाईलीत लिहावा, एफसिंक करावे, मग तिला मूळ फाईलीचे नाव द्यावे. युनिक्स पद्धतीच्या प्रणालींत हे नामांतर अखंड असते : वाचणाऱ्यास जुनी फाईल दिसते किंवा नवी, अर्धी कधीच नाही. त्यानंतर फोल्डरचेही एफसिंक करावे लागते. ही पायरी हमखास विसरली जाते.

दोन फाईलींस मात्र नामांतर पुरत नाही. तेथे लायब्ररी आधी रोजनाम्यात दोन्ही बदल लिहिते, शेवटी ‘व्यवहार पूर्ण’ अशी खूण करते व रोजनामा डिस्कवर उतरविते. मगच मूळ फाईलींना हात लावते. वीज परत आल्यावर खूण सापडली तर बदल पुन्हा अमलात येतात. नसल्यास ते रद्द समजले जातात. मात्र रोजनाम्यात ‘२ एकर १० गुंठे वजा करा’ असे लिहू नये. ‘शिल्लक २ एकर १० गुंठे’ असे लिहावे. पुनरुज्जीवन चालू असताना वीज दुसऱ्यांदा गेली तर पहिल्या रीतीने वजाबाकी दोनदा होईल. दुसरी रीत कितीही वेळा केली तरी फळ तेच.

या तत्त्वाची सविस्तर मांडणी सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘एरिज’ या नावाने केली. २००० मध्ये निघालेली ‘एसक्यूलाईट’ उलट्या बाजूने जाते : ती आधी जुना मजकूर बाजूस ठेवते व अपघातानंतर तो परत आणते, २०१० पासून तीत पुढचे बदल आधी लिहिण्याचीही सोय आहे. स्वतः रोजनामा रचण्यापेक्षा अशी कसलेली लायब्ररी वापरणे केव्हाही श्रेयस्कर. अनुभवी मंडळींचीही येथे फसगत झाली आहे. एफसिंक एकदा अयशस्वी झाल्यावर दुसऱ्यांदा ‘यशस्वी’ असे उत्तर येऊ शकते, मजकूर गेलेला असला तरी, हे ‘पोस्टग्रेस’च्या कर्त्यांच्या ध्यानात २०१८ मध्ये आले. त्यानंतर अशा प्रसंगी काम थांबवून रोजनाम्यावरून पुन्हा उभारणी करण्याचे त्यांनी ठरविले.

डिस्कच जळाल्यास रोजनामाही जातो. यास्तव वेगळ्या जागी प्रत ठेवणे सुटत नाही. चाचणीच्या वेळी केवळ आज्ञावली बंद करून समाधान मानू नये, कारण तेव्हा प्रणालीच्या स्मृतीतील मजकूर शाबूत राहतो व सावकाश डिस्कवर उतरतो. चाचणीच्या यंत्राची वीजच, व्यवहाराच्या प्रत्येक पायरीवर एकदा, तोडून पाहावी.