गाडी विकली, पण नाव उतरलं का?

मैत्रिणींनो, कर्ज काढून घरात गाडी येते तेव्हा ती पुष्कळदा ताईच्या नावावर असते. चालवतात घरातले पुरुष. विकायच्या वेळी भावही तेच ठरवतात आणि ताईला म्हणतात, "इथं सही कर." आज त्या सहीबद्दलच शिकू.

समजा, तुमच्या नावावर २०१२ ची डिझेल बोलेरो आहे. फोर बाय फोर, एमएच-४० पासिंग, नीट ठेवलेली. नागपूरच्या लकडगंजातल्या एका लाकूड व्यापाऱ्याला ती हवी आहे. त्याला माल पाहायला जंगलाकडच्या कच्च्या रस्त्यांनी जावं लागतं, पावसाळ्यात साधी गाडी फसते. म्हणजे तुमच्या गाडीची खरी किंमत तिच्या चारही चाकांच्या जोरात आहे. तो जोर त्याला चिखलात किंवा नांगरलेल्या वावरात दाखवा. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून वळवू नका, आतल्या गिअरवर ताण येतो. ऑइल बदलल्याची, दुरुस्तीची जुनी बिलं एका फाइलीत लावा. खालून गंज असेल तर आधीच सांगा. रंग मारून झाकला तरी मेकॅनिक टॉर्च लावून शोधतोच, आणि मग तुमच्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास राहत नाही.

दलाल म्हणेल, "डिझेल गाडी दहा वर्षांनी बाद, भंगारचा भाव घ्या." घाबरू नका. दहा वर्षांचा तो नियम दिल्ली परिसरासाठी निघाला, आपल्याकडे नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते.

आता सही. विकणारीची फॉर्म २९ वर असते, फॉर्म ३० वर विकणारी आणि घेणारा दोघांची. कोरे फॉर्म सही करून देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरलेली पाहा, मगच सही करा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फेडून फॉर्म ३५ ने तो आधी उतरवा. मोबाइलवर आलेला ओटीपी कशासाठी आहे हे कळल्याशिवाय कोणालाच सांगू नका, घरच्यांनाही नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं कायद्यात बसत नाही, आणि दंड घेणाऱ्यालाच होतो. तेव्हा पैसे खात्यावरच घ्या.

एवढं कशाला, पैसे तर मिळाले ना? ऐका. एक गाडी विकली गेली, मग तिसऱ्याकडे, चौथ्याकडे गेली, पण कागदावर नाव पहिल्याच मालकाचं राहिलं. पुढे अपघातात माणूस गेला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावर टाकली. कायद्याला नोंदवहीतलं नाव दिसतं. ताई, आपल्या उदाहरणात ते नाव तुमचं आहे.

म्हणून राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवा. व्यापारी लकडगंजचा, म्हणजे एमएच-४९ कडचा, आणि गाडी एमएच-४० ची. तेव्हा ना-हरकत दाखल्याचं काय करायचं ते सौदा ठरवण्याआधीच आपल्या आरटीओत विचारा. चावी देताना तारीख आणि वेळ घातलेली डिलिव्हरी पावती लिहून त्यावर घेणाऱ्याची सही घ्या. महिन्याभराने एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाच्या नावाची अक्षरं बदलली का ते पाहा. बदलली नसतील तर पावती घेऊन थेट आरटीओत जा. गटातली एखादी मैत्रीण सोबत घ्या.