उत्तेजक द्रव्ये, आपला मेंदू आणि पाचवे शील

पंचशीलातील पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेच्या वेळी ग्रहण करतो. मद्य व मादक पदार्थ प्रमादाला, म्हणजे सावधपणा सुटण्याला, कारण होतात म्हणून त्यांपासून अलिप्त राहण्याची ती प्रतिज्ञा आहे. हा सावधपणा मेंदूत नेमका कसा सुटतो, याचा थोडक्यात विचार आम्ही येथे करणार आहोत.

कोकेन, ॲम्फेटामिन आणि आपल्या शहरांत 'एम.डी.' या नावाने विकले जाणारे मेफेड्रोन ही उत्तेजक द्रव्ये होत. दारू मेंदूला मंद करते. ही द्रव्ये त्याला दामटतात. झोप उडते, भूक मरते, नाडी व रक्तदाब वाढतो. त्यामुळे व्यसन घरच्यांच्या चटकन लक्षात येत नाही. परिचयाच्या एक भगिनी आम्हास म्हणाल्या, "पोरगा रात्र-रात्र जागायचा. आम्हाला वाटायचं, अभ्यास करतोय."

भुकेल्यास अन्न मिळाले, परीक्षेत यश आले, की मेंदूतील काही पेशी डोपामिन नावाचे रसायन सोडतात. दोन पेशींमधील सूक्ष्म फटीतून ते पुढच्या पेशीला सांगते, 'हे पुन्हा कर.' काम झाले की पहिली पेशी ते परत ओढून घेते. कोकेन ही परतीची वाट अडवते. ॲम्फेटामिन व मेफेड्रोन तीच वाट उलटी फिरवून साठवलेले डोपामिन बाहेर लोटतात.

असा पूर वारंवार आला की मेंदू आपली दारे कमी करतो. मग जेवण, खेळ, आईची माया, सारेच बेचव लागते. नशा उतरली की थकवा, उदासी व संशय घेरतात. पुढे माणूस आनंदासाठी नव्हे, तर अस्वस्थता टाळण्यासाठी नशा करतो. दुसऱ्या आर्यसत्यात सांगितलेली तृष्णा ती हीच. विवेक सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग वयाच्या पंचविशीच्या आसपास पक्व होतो. म्हणून विद्यार्थ्यांना धोका अधिक. 'परीक्षेपुरते एकदाच' या बोलण्यास कोणी फसू नये.

व्यसन हा आजार आहे, घराण्याला लागलेला कलंक नव्हे. अनेक महिने दूर राहिल्यास मेंदू बराच सावरतो. उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनात समुपदेशन व घरच्यांची साथ हाच मुख्य उपचार आहे. पुण्यात 1986 साली सुरू झालेले मुक्तांगण आणि 14446 ही राष्ट्रीय मदतवाहिनी यांचा आधार घ्यावा. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याच्या कलम 64-अ नुसार, स्वतःच्या सेवनापुरता किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण केल्यास त्या गुन्ह्याच्या खटल्यापासून संरक्षण मिळते. तेव्हा भीतीपोटी मुलाला लपवू नका.

विहारात शील म्हणणारी आपली मुले बाहेर कोणाच्या संगतीत असतात, याची विचारपूस आपण प्रेमाने करू या. जो घसरला त्याला विहाराचे दार बंद करू नये. पाचवे शील त्यालाही पुन्हा ग्रहण करता येते.

जय भीम!