पुटपुटणे आणि पडताळणे

शास्त्रपाठ : स्तोत्र १, स्तोत्र १३०, प्रे. कृत्ये १७:१०-१२, यिर्मया २९:१-१४, दानीएल ९:१-१९

प्रार्थना व शास्त्रवाचन दररोज करावे, हे आपणांपैकी बहुतेकांना संडेस्कूलपासून ठाऊक आहे. ते का घडत नाही, हाही नवा प्रश्न नव्हे. वेळ मिळत नाही, घर लहान आहे, कामाची पाळी रात्रीची आहे, ही उत्तरे खरीच असतात. प्रस्तुत लेखात मला त्याहून निराळ्या एका अडचणीविषयी लिहावयाचे आहे. पुष्कळ जण नियमाने वाचतात, वर्षाकाठी संपूर्ण पवित्र शास्त्र संपवितात, आणि तरीही त्यांचा विश्वास होता तेथेच राहतो. मी त्यांपैकीच एक होतो, म्हणून हे धाडस करीत आहे.

पहिल्या स्तोत्राच्या दुसऱ्या वचनात धन्य पुरुष परमेश्वराच्या नियमशास्त्राचे काय करतो, हे सांगणारा मूळ इब्री शब्द ‘येहगे’ असा आहे. मराठीत आपण तेथे ‘मनन’ म्हणतो. शब्द चुकीचा नाही. परंतु मनन म्हटले की डोळे मिटून, ओठ बंद करून बसलेला मनुष्य आपल्या दृष्टीसमोर येतो. इब्री क्रियापदात मात्र आवाज आहे. यशया ३१:४ मध्ये भक्ष्यावर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी हेच क्रियापद आले आहे. यशया ३८:१४ मध्ये हिज्कीया राजा आपल्या आजारातील कण्हण्याला पारव्याच्या घुमण्याची उपमा देतो, तेथेही हेच आहे. यहोशवा १:८ मध्ये तर नियमशास्त्र मुखापासून दूर होऊ नये असे सांगून लगेच हा शब्द योजिला आहे. प्राचीन काळी वाचन बहुधा मोठ्यानेच होत असे. गाझाच्या वाटेवर रथात बसलेला कूशी अधिकारी कोणते पुस्तक वाचीत आहे, हे फिलिप्पाला समजले ते त्याच्या कानी पडले म्हणून (प्रे. कृत्ये ८:३०).

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दुसऱ्या स्तोत्राच्या पहिल्याच वचनात राष्ट्रे व्यर्थ बेत रचतात, त्यालाही हेच क्रियापद लावले आहे! खरे पाहता ही क्रिया आपणांस शिकावी लागत नाही. मुलीचे लग्न ठरत नाही, घराचा हप्ता थकला आहे, वरिष्ठांनी चारचौघांत अपमान केला आहे; मग तेच चार शब्द आपण न्हाताना, चालताना, रात्री कूस बदलताना पुटपुटत असतो. स्तोत्रकर्त्याचे म्हणणे एवढेच, की त्या जागी परमेश्वराचे वचन असू द्यावे.

हे मी व्याकरणाच्या पुस्तकांतून शिकलो, पण समजलो फार उशिरा. माझी पत्नी आजारी असताना मी स्तोत्रांच्या भाषांतराचेच काम करीत होतो. दिवसभर मेजावर इब्री मजकूर, कोश आणि टीकाग्रंथ उघडे असत, आणि रात्री तिच्या उशाशी बसल्यावर मला प्रार्थनेचे एक वाक्यही सुचत नसे. एके रात्री तिने एखादे स्तोत्र वाचून दाखवा म्हटले. मी १३० वे काढले. सहाव्या वचनात पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांचे शब्द लागोपाठ दोनदा येतात. सवयीप्रमाणे मी सांगू लागलो की, ही पुनरुक्ती नकलकाराच्या नजरचुकीने झाली असावी, असे काही अभ्यासकांना वाटते.

“अहो, अर्थ राहू द्या,” ती म्हणाली, “नुसतं वाचा. हळू वाचा.”

मी वाचले. त्या ओळीशी आल्यावर तिने माझ्याबरोबर ओठ हलविले. एकदा नव्हे, दोन्ही वेळा. तिला रात्र रात्र झोप नसे. पहाट दोनदा का म्हणावी लागते, हे तिला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यानंतर ती चार महिने होती, आणि बहुतेक रात्री आम्ही तेच स्तोत्र म्हटले. माझी स्वतःची प्रार्थना पुन्हा सुरू झाली ती त्या आठ वचनांतून. मसुद्यातील त्या वचनाखालची माझी टीप मी पुढे खोडून टाकली.

यावरून अभ्यास निरुपयोगी आहे, असा अर्थ कोणी काढू नये. बिरुया येथील लोकांविषयी लूक लिहितो की, त्यांनी वचन उत्सुकतेने स्वीकारले आणि ते दररोज शास्त्रात शोध करीत राहिले. येथील ग्रीक क्रियापद ‘अनाक्रिनो’ हे न्यायालयातील आहे. पिलाताने येशूची चौकशी केली, तेथेही तेच वापरले आहे (लूक २३:१४). साक्षीदाराला विचारावे तसे हे लोक शास्त्राला प्रश्न विचारीत होते, आणि पडताळून कोणाचे बोलणे पाहत होते? साक्षात पौलाचे!

असे प्रश्न न विचारल्यास काय होते, याचे एकच उदाहरण देतो. वचनांच्या चिठ्ठ्यांची पेटी आपल्या पुष्कळ घरांत असते; माझ्याही घरी आहे. तिच्यातील सर्वांत लाडके वचन म्हणजे यिर्मया २९:११, देवाच्या मनात आपल्या हिताचेच विचार आहेत, हे. पण ते कोणाला लिहिले होते? ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये बाबेलला धरून नेलेल्या लोकांना. त्याच्या अगोदरच्या वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्यांत ज्यांचे केस पांढरे झाले होते, त्यांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हते. त्यांनी परक्या नगरात घरे बांधावी, मळे लावावे, आणि त्याच नगरासाठी प्रार्थना करावी, अशी आज्ञा होती. (महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त आयुष्य काढलेल्या आपल्या वाचकांना सातवे वचन विशेष जवळचे वाटेल.) अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोनच वर्षांत सुटका होईल असे सांगतो, आणि तो खोटा ठरतो. चिठ्ठी काढून समाधान मानणारा मनुष्य पुष्कळदा यिर्मयाचे वचन हातात धरून हनन्याच्या दोन वर्षांची वाट पाहत असतो. ती वर्षे सरली म्हणजे त्याचा विश्वास डळमळतो, आणि दोष मात्र वचनाला लागतो.

याच सत्तर वर्षांविषयी दानीएलाने यिर्मयाच्या ग्रंथात वाचले (दानीएल ९:२). गणित उलगडले म्हणून तो स्वस्थ बसला नाही. पुढच्याच वचनात तो उपास करून, गोणताट नेसून प्रार्थनेला लागला. त्या प्रार्थनेत पापे कबूल करताना तो ‘त्यांनी’ म्हणत नाही, ‘आम्ही’ म्हणतो. वाचनाचे प्रार्थनेत रूपांतर कसे होते, हे याहून स्पष्ट मला कोठे आढळलेले नाही.

अभ्यास हा पाळकांचा प्रांत, असेही आपण समजू नये. पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून शास्त्राचे भाषांतर केले, ते सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत असावे म्हणून. १९२२ साली त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडला. त्याच्या छपाईच्या कामात तेथील स्त्रियांचे हात होते.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनी पहिला आठवडा १३० वे स्तोत्रच घ्यावे. रोज तेच, तोंडाने, कानाला ऐकू येईल इतपत आवाजात. दुसऱ्या आठवड्यात यिर्मया २९:१-१४ घेऊन, कोण बोलतो, कोणाला, केव्हा, अगोदर काय घडले, एवढे एका वहीत लिहावे. मुलांची जुनी शाळेची वही चालेल. शेवटच्या दिवशी घरातील सर्वांनी मिळून दानीएल ९:४-१९ मोठ्याने वाचावे व तेथूनच प्रार्थनेला लागावे. मध्ये एखादा दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून तो भरून काढू नये. जेथे थांबलो होतो तेथूनच पुढे वाचावे.