स्थलांतर आणि मानवी हक्क कायद्यातील वकिली

परदेशी निघालेल्या, तिथे स्थायिक झालेल्या किंवा तिथून परत पाठवल्या जाणाऱ्या माणसाची बाजू सरकारपुढे मांडणे, हे स्थलांतर कायद्याच्या वकिलाचे काम. व्हिसा, नागरिकत्व, आश्रय आणि हद्दपारी हे त्याचे मुख्य विषय. कायदा किंवा अधिकारीच अन्याय करत असेल, तर मानवी हक्कांचा वकील राज्यघटना व आंतरराष्ट्रीय करारांच्या आधारे दाद मागतो. व्यवहारात ही दोन्ही कामे अनेकदा एकाच प्रकरणात येतात.

रायगडमधले उदाहरण

पेणकर, रोहेकर अशी गावावरून आलेली आडनावे लावणारी बेने इस्रायल या ज्यू समाजातील कुटुंबे १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. तिथल्या १९५० च्या परतीच्या कायद्याने त्यांना प्रवेश मिळाला आणि त्याच आधारे नागरिकत्वही. पण १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहापूर्वी वंशावळीची चौकशी करण्याचे आदेश काढले. त्याविरुद्ध आंदोलने झाली आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. प्रवेश मिळवून देणे हा स्थलांतराचा प्रश्न होता, समान वागणूक मिळवणे हा मानवी हक्कांचा.

रोजचे काम

बरेचसे काम कागदपत्रांचे असते. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे परदेशी नागरिक झालेल्यांच्या मुला-नातवंडांना ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी आईवडिलांचे किंवा आजी-आजोबांचे भारतीयत्व सिद्ध करावे लागते. पासपोर्टवर एक नाव आणि जन्मनोंदीत दुसरे असेल, तर आधी ती तफावत दूर करावी लागते.

आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांचे प्रश्न वेगळे. दहावी न झालेल्या कामगाराला सौदी अरेबिया, कुवेत, कतारसह १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी साधारणपणे उत्प्रवासन मंजुरी घ्यावी लागते. भरती एजंट नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. करारातला पगार तिथे मिळाला नाही, तर वकील आधी करारपत्र आणि पैसे दिल्याची पावती मागतो.

देशांतर्गत स्थलांतरातही हेच कौशल्य लागते. पेण-रोह्याकडची कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. उचल फिटेपर्यंत मालक बाहेर पडू देत नसेल, तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली जिल्हा प्रशासनाकडे अर्ज करून सुटका आणि मुक्ततेचा दाखला मिळवता येतो.

याउलट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभे राहण्याची संधी मोजक्यांनाच मिळते. पाकिस्तानात अटकेत असलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात ज्येष्ठ वकील हरीश साळवे यांनी भारताची बाजू मांडली. १७ जुलै २०१९ चा निकाल १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमावर, म्हणजे अटकेतील नागरिकाला आपल्या दूतावासाची मदत मिळण्याच्या हक्कावर, आधारलेला होता.

शिक्षण

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम करता येतो. राज्यातील महाविद्यालयांसाठी एमएच सीईटी, तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट द्यावी लागते. बारावीला कोणतीही शाखा चालते. पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालानुसार खुल्या प्रवर्गासाठी नोंदणी शुल्क ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्याशिवाय ऑल इंडिया बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. परदेशात वकिली करण्यासाठी तिथली परीक्षा वेगळी असते.

पालकांचे प्रश्न

सुरुवातीच्या वर्षांत उत्पन्न बेताचे असते आणि ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी करावी लागते. व्हिसा आणि कंपन्यांची कामे तुलनेने लवकर पैसा देतात. मानवी हक्कांची प्रकरणे अनेकदा अल्प फीमध्ये किंवा मोफत चालवावी लागतात. त्यामुळे बहुतेक जण दोन्हींची सांगड घालतात. अर्ज आणि निकाल वाचण्यासाठी इंग्रजी पक्के हवे. मात्र अशिलाची हकिकत नीट समजून घ्यायला मराठी तितकीच लागते. विद्यार्थ्याने सुट्टीत तालुका विधी सेवा समितीच्या शिबिरात किंवा स्थानिक वकिलाच्या कार्यालयात बसून पाहिले, तर हे काम आपल्याला झेपेल का, हे प्रवेशापूर्वीच कळते.