कृष्णधवल छायाचित्रांचा टिकाऊपणा कसा तपासावा?

कोलकात्याच्या चौरंगी भागातील 'बोर्न अँड शेफर्ड' या जुन्या छायाचित्रगृहाला १९९१ साली आग लागली आणि तेथील संग्रहाचा फार मोठा भाग नष्ट झाला. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले हे छायाचित्रगृह २०१६ मध्ये कायमचे बंद झाले. मूळ काच किंवा फिल्म नष्ट झाली म्हणजे हाती उरते ती केवळ कागदावरील प्रत. अशा जुन्या प्रतींवरून आता संगणकाच्या साहाय्याने नव्या प्रती तयार करतात व त्या पुष्कळदा इंकजेट यंत्रावर छापतात. ही नवी प्रत किती टिकेल, हा प्रश्न ज्या घरात आजोबांचे एकच छायाचित्र उरले आहे, अशा प्रत्येक घराचा आहे.

प्रश्न जुनाच आहे. छायाचित्रे फिकी पडतात अशी तक्रार वाढल्यामुळे १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने या विषयाच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. त्या काळची चित्रे चांदीची असत. ती धुताना कागदात राहून गेलेला 'हायपो' आणि हवेतील ओलावा हे दोष समितीला प्रमुख वाटले. पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, कोलकात्यातही बंगाल फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. आजच्या इंकजेट प्रतीत चांदी नाही व हायपोही नाही. परंतु ओलावा आहे, आणि त्याच्या जोडीला प्रकाश व हवेतील ओझोन हे दोन शत्रू आहेत.

शाईचे दोन प्रकार

इंकजेटची शाई दोन प्रकारची असते. रंजकाच्या शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो. रंगद्रव्याच्या शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. प्रकाशाने रंजकाचा रेणू मोडला की त्याचा रंग जातो. कणामध्ये असंख्य रेणू एकत्र असल्याने वरचा थर झिजला तरी आतील रंग शिल्लक राहतो. काळ्या रंगद्रव्यात बहुधा कार्बन असतो. आपल्या जुन्या पोथ्या काजळाच्या शाईने लिहिलेल्या आहेत. काजळ म्हणजेही कार्बन. शतके लोटली तरी ती अक्षरे काळीच दिसतात, कारण कार्बनवर प्रकाशाचा परिणाम जवळजवळ होत नाही.

मात्र कृष्णधवल चित्रातील करडी छटा काळ्या शाईचीच असते असे नाही. अनेक यंत्रे निळी, किरमिजी व पिवळी या तीन शायांचे ठिपके मिसळून ती साधतात. तिन्ही शाया सारख्या वेगाने विटत नाहीत. किरमिजी आधी गेली तर करडा रंग हिरवट दिसू लागतो. रंगीत चित्रात एवढा फरक लपून जातो. कृष्णधवल चित्रात तो डोळ्याला चटकन जाणवतो.

पहिली परीक्षा : प्रकाश

पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सात पायऱ्यांची एक पट्टी छापावी. कडेला थोडा कोरा कागद ठेवावा. तपासावयाच्या प्रत्येक शाईच्या व कागदाच्या जोडीसाठी अशा दोन पट्ट्या घ्याव्यात आणि त्या काही दिवस वाळू द्याव्यात. एक पट्टी लिफाफ्यात घालून अंधारात ठेवावी. दुसरीचा उभा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने झाकून ती दक्षिणेकडील खिडकीच्या काचेमागे लावावी. कोलकाता कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस असल्याने जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो व या खिडकीत ऊन शिरत नाही. म्हणून ही परीक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावी.

प्रकाशाची मात्रा म्हणजे लक्स गुणिले तास. खिडकीत ५०,००० लक्स ऊन ४ तास मिळाले तर मात्रा २,००,००० लक्स-तास होते. घरातील भिंतीवर २०० लक्स प्रकाश रोज १२ तास पडत असेल तर दिवसाची मात्रा २,४०० होते. म्हणजे खिडकीतील एक दिवस भिंतीवरील सुमारे ८३ दिवसांबरोबर झाला.

ऊन रोज सारखे नसते. यासाठी निळ्या लोकरीची प्रमाणपट्टी वापरतात. तिच्यात १ ते ८ क्रमांकांचे निळ्या रंगाचे कापड असते; १ सर्वांत लवकर विटते आणि पुढच्या प्रत्येक क्रमांकाला मागच्याच्या साधारण दुप्पट मात्रा लागते. छापलेली पट्टी ३ क्रमांकाच्या कापडाबरोबर बदलली तर तिची प्रकाशसहनशीलता तेवढी समजावी.

दर चार आठवड्यांनी झाकण काढून दोन्ही अर्धे भाग दिवसाच्या उजेडात ताडून पाहावेत. प्रथम कोरी कड पाहावी. कागदाला शुभ्रता देणारे रसायन नष्ट झाल्यास कागदच पिवळसर होतो, आणि हा दोष शाईच्या माथी मारणे चुकीचे ठरेल.

दुसरी परीक्षा : हवा व ओलावा

पावसाळ्यात कोलकात्याची सापेक्ष आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांवर असते. त्या काळात एक पट्टी अंधाऱ्या पण हवा खेळत्या जागी, आणि तशीच दुसरी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, कोरड्या सिलिका जेलसह अंधारात ठेवावी. दोहोंवर प्रकाश नसल्याने जो फरक पडेल तो हवेचा व ओलाव्याचा. सूक्ष्म छिद्रांचा लेप असलेल्या कागदावर रंजकाची शाई असेल तर ओझोन आत शिरून ती अंधारातही विटवू शकतो. ओलाव्याने रंजक पसरून रेषा अस्पष्ट होतात व बुरशीही धरते.

निष्कर्षाची मर्यादा

८३ दिवसांचा वरील हिशेब वर्षांचे भाकीत म्हणून घेऊ नये. खिडकीत उष्णताही वाढते. उलट ओझोनचे काम उन्हाने लवकर उरकत नाही. दोन जोड्यांपैकी अधिक टिकाऊ कोणती, एवढे मात्र या परीक्षांतून खात्रीने कळते. निवड झाल्यावर प्रत काचेच्या चौकटीत, उन्हापासून व ओल्या भिंतीपासून दूर लावावी. तिची दुसरी प्रत कोरड्या अंधारात जपून ठेवावी. वर्षातून एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या, तर भिंतीवरील चित्र विटू लागल्याचे वेळीच लक्षात येईल.