कॅराव्हॅन ओढणारी गाडी

राहते घरच गाडीमागे जोडून सुट्टीला निघायचे, ही कल्पना आपल्याकडे फारशी रुळलेली नाही. ऑस्ट्रेलियात मात्र हे नित्याचे दृश्य आहे. बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी असे सारे सामावून घेणारी चाकांवरची खोली म्हणजे कॅराव्हॅन. तेथील आयर महामार्गावर सुमारे 147 किलोमीटरचा एक तुकडा असा आहे की त्यात एकही वळण नाही. असल्या लांब वाटांसाठी लोक बहुधा चारही चाकांना इंजिनाचा जोर पुरविणारी डिझेल गाडी घेतात. या निवडीमागे तुमच्या पाठ्यपुस्तकातलेच पदार्थविज्ञान आहे. ते कसे, ते पाहू.

समजा, गाडी 2,500 किलोग्रॅम आणि कॅराव्हॅनही तेवढीच. दहा मीटर चालल्यावर एक मीटर उंची गाठणारा चढ आहे. गुरुत्वत्वरण 10 धरले, तर उताराच्या दिशेने मागे खेचणारे बल 5,000 न्यूटन होईल. ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर वेगाने चढायचे, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध 100 किलोवॉट शक्ती हवी. हवेचा अडथळा वेगळाच. अशा अनेक गाड्यांच्या इंजिनाची कमाल शक्तीच दीडशे किलोवॉटच्या आसपास असते. तेव्हा चढावर वेग कमी करणे ओघानेच आले.

मग डिझेलच का? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या हिश्शापर्यंत दाबतो. तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि फवारलेले तेल आपोआप पेटते. या मोठ्या दाबामुळे इंधनातील ऊर्जेचा अधिक भाग कामी येतो. शिवाय टर्बोचार्जरची जोड असली, की मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांतच फिरकीचा भरपूर जोर मिळतो. यालाच टॉर्क म्हणतात. जड ओझे जागचे हलवताना हाच उपयोगी पडतो. जोडीला मंद गिअरांचा संच असतो: वेग सुमारे अडीच पट कमी, जोर तितकाच पट जास्त. चिखलात किंवा वाळूत चारही चाकांची पकड कामाला येते. मात्र ज्या गाडीत पुढचा व मागचा आस एकमेकांशी पक्के जखडले जातात, तिची चारचाकी जोडणी कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चाक घसरायला वाव नसला, की हा फरक दंडांना पीळ देत राहतो.

आता खऱ्या धोक्याकडे वळू. कॅराव्हॅनचा गुरुत्वमध्य तिच्या चाकांच्या आसाच्या पुढे असला पाहिजे. मागे गेला, तर वाऱ्याच्या एका झोताने सुरू झालेली डोलणी विरण्याऐवजी वाढत जाते, आणि मागचे घर पुढच्या गाडीला उलथवू शकते. म्हणून ऑस्ट्रेलियात साधारण नियम असा, की कॅराव्हॅनच्या वजनाचा दहावा हिस्सा जोडणीच्या गोळ्यावर यावा. आपल्या उदाहरणात तो 250 किलोग्रॅम. गोळा आसापासून 4 मीटरवर असेल, तर परिबलांचे गणित मांडा: 250 × 4 = 2,500 × अंतर. गुरुत्वमध्य आसाच्या पुढे फक्त 0.4 मीटर! किती थोडक्यावर सुरक्षितता अवलंबून आहे पाहा.

हे 250 किलोग्रॅम गाडीच्या मागच्या आसाच्याही मागे, समजा 1.2 मीटरवर, दाबतात. गाडीच्या दोन आसांत 3 मीटर अंतर आहे. ही सरळ तरफ झाली. पुढच्या चाकांवरचा भार 250 × 1.2 ÷ 3 = 100 किलोग्रॅमने कमी होतो आणि मागच्यांवर 250 नव्हे, 350 ने वाढतो. सुकाणू तर पुढच्या चाकांच्या हाती! विक्रेता ‘3,500 किलोग्रॅम ओढते’ असे अभिमानाने सांगतो. पण गाडीत 650 किलोग्रॅम सामान चालत असेल, तर गोळ्यावरचा भार त्यातूनच वजा होतो. चार माणसे बसली की उरतात जेमतेम शंभर. गाडी घेताना हाच आकडा आधी विचारावा, असे माझे मत आहे.

डोलणी सुरू झालीच, तर गाडीचे ब्रेक जोरात दाबू नयेत. मागचे ओझे पुढे लोटत येते. प्रवेगकावरचा पाय अलगद काढावा आणि कॅराव्हॅनचे स्वतंत्र ब्रेक हाताने लावावेत. ते मागून ताण देऊन जोडी सरळ करतात. ऑस्ट्रेलियात 750 किलोग्रॅमहून जड ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत.

उतारावर वरचे 100 किलोवॉट उलटे फिरतात: ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठतात. आपल्या घाटांतले ट्रकचालक ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरतात, ते उगीच नव्हे. त्यातही डिझेल इंजिनात हवा अडवणारी झडप पेट्रोल इंजिनासारखी काम करीत नसल्याने नुसत्या इंजिनाचा अटकाव तुलनेने कमी असतो. खालचा गिअर आधीच टाकावा.

निगेचे म्हणाल, तर डिझेलमधील पाणी हा पहिला शत्रू. फवाऱ्याची छिद्रे केसासारखी बारीक असतात, म्हणून गाळणीत साचलेले पाणी वेळच्या वेळी काढावे. धुळीच्या मुलखात हवेची गाळणी वरचेवर पाहावी. लांब चढानंतर इंजिन लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटे संथ चालू द्यावे. टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेते आणि त्याचे धारवे वंगणतेलानेच थंड होतात.

आता एक गणित तुम्ही करा. कॅराव्हॅनच्या मागच्या टोकाला, आसापासून 3 मीटरवर, 40 किलोग्रॅमच्या सायकली टांगल्या. गोळ्यावरचा भार किती झाला? उत्तर 220 किलोग्रॅम यायला हवे.